गोठलेला रस्ता सुटतो तेव्हा: मिनेसोटातल्या एमएनरोडचं प्रकरण

मार्चमध्ये मिनेसोटात एक दिवस असा येतो, की रस्त्याकडे बघून काहीच कळत नाही. डांबर कोरडं, काळंभोर. भेग नाही, खड्डा नाही. कडेला उपसून टाकलेल्या बर्फाचे ढीग अजून तसेच. तीन-चार महिने याच रस्त्यावरून लाकडाचे आणि धान्याचे जड ट्रक गेले आणि रस्त्याने हूं की चूं केलं नाही, कारण खालची माती दगडासारखी गोठली होती. पण आज डांबराच्या लगेच खाली, खडीच्या थरात, बर्फाचं पाणी झालं आहे. त्याखालची माती मात्र अजून गोठलेलीच आहे, म्हणून त्या पाण्याला निघून जायला वाट नाही. वर डांबराची चादर, खाली बर्फाची परात आणि मध्ये चिंब खडी. जानेवारीत निमूट गेलेला ट्रक आज गेला, तर रस्त्याच्या आयुष्यातला एक तुकडा सोबत घेऊन जाईल. आणि तोही दिसणार नाही. दिसेल मे-जूनमध्ये, चाकोरी पडल्यावर आणि मगरीच्या पाठीसारख्या भेगा उमटल्यावर.

तो दिवस नेमका कोणता, हा या प्रकरणातला प्रश्न. उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. जड गाड्यांच्या भारावरचे निर्बंध उशिरा लावले तर रस्ते जातात. लवकर लावले किंवा लांबवले, तर दूधवाले, लाकूडवाले, शेतकरी विनाकारण अर्ध्या भाराने गाड्या हाकतात. पूर्वी हे अनुभवावर चालायचं. देखभाल करणारी माणसं रस्ता बघायची, भेगांतून पाणी झिरपताना दिसलं की फलक लावायची. काउंटीच्या आणि गावच्या रस्त्यांसाठी तर कायद्यात २० मार्च ते १५ मे अशा ठरीव तारखा होत्या. पण हवामान तारखा पाळत नाही. आणि भेगेतून पाणी वर येईपर्यंत खालची खडी बरेच दिवस चिंब असते.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. रस्त्याची ताकद हा एकच आकडा आहे असं आपण धरून चालतो: अमुक इतके थर, तमुक इतकी जाडी, इतके दशलक्ष आस (गाड्यांचे अ‍ॅक्सल). मिनेसोटाने जमिनीत तारा पुरून दाखवलं, की रस्त्याची ताकद वर्षभर हलत असते आणि तिच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढता येतं.

जागा

मिनियापोलिसपासून वायव्येला साधारण ६५ किलोमीटरवर अल्बर्टव्हिल नावाचं गाव आहे. त्याच्याजवळून आय-९४ हा आंतरराज्य महामार्ग जातो. राज्याच्या परिवहन खात्याने १९९० नंतरच्या तीन वर्षांत या महामार्गाला समांतर असा साडेपाच किलोमीटरचा दोनपदरी तुकडा बांधला आणि १९९४ मध्ये पश्चिमेकडे जाणारी खरीखुरी वाहतूक त्यावर वळवली. हीच एमएनरोड ही रस्त्यांची प्रयोगशाळा. म्हणजे रोज वीस-पंचवीस हजारांहून अधिक गाड्या, त्यांत मालट्रकही भरपूर, आणि चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण प्रयोगशाळेवरून चाललो आहोत याची कल्पना नाही. मोजमाप घ्यायचं असलं किंवा नवा तुकडा बांधायचा असला, की वाहतूक शेजारच्या जुन्या रस्त्यावर सोडता येते. ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

त्याच आवारात चार किलोमीटरची एक बंद फेरी आहे, कमी वाहतुकीच्या रस्त्यांसाठी. तिच्यावर खात्याचा स्वतःचा एकच ट्रक फिरतो: पाच आसांचा, ८०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३६ टनांचा. दिवसाला ८० फेऱ्या. हिशेब केला तर रोजचे सव्वातीनशे किलोमीटर, आणि प्रत्येक सेन्सरवरून दिवसाला ४०० आस. सुरुवातीच्या काळात आतल्या लेनवर हा ट्रक आणि बाहेरच्या लेनवर त्याहून जड, १,०२,००० पौंडांचा भार, असं वाटप होतं. पुढे बाहेरची लेन जवळजवळ भाराविना ठेवली गेली, फक्त ऊन, पाणी आणि बर्फ खाण्यासाठी. ही कल्पना मला फार पटते. शेजारी शेजारी दोन लेन, थर तेच, माती तीच, फरक फक्त चाकांचा. मग रस्ता हवेने किती मरतो आणि ट्रकने किती, हे वेगळं काढता येतं.

रस्त्याचे साधारण १५० मीटरचे तुकडे पाडले आहेत. प्रत्येकाचे थर, जाडी, डांबराची प्रत वेगळी. काही सिमेंट काँक्रीटचे, काही निव्वळ खडीचे. खालची माती बहुतेक ठिकाणी गाळमिश्रित चिकणमाती, पाणी धरून ठेवणारी, आणि भूजलाची पातळी वर. काही तुकड्यांखाली मुद्दाम वाळू भरली. या सगळ्यात सुरुवातीलाच साडेचार हजारांवर सेन्सर पुरले होते.

काय पुरलं आणि कसं

सेन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक डबी येते, जी रस्त्यात टाकली की ती ‘रस्ता खराब होतोय’ असा निरोप पाठवते. तसं काही नसतं. प्रत्येक उपकरण एकच साधी गोष्ट मोजतं, आणि अर्थ माणसाला लावावा लागतो.

सगळ्यांत बिनतक्रार चालतं ते थर्मोकपल. तांबं आणि कॉन्स्टंटन अशा दोन धातूंच्या तारा एका टोकाला जोडायच्या; तापमानाप्रमाणे त्यांच्यात बारीकसा विद्युतदाब तयार होतो. एका दांड्यावर वेगवेगळ्या खोलीला अशी टोकं बांधायची आणि दांडा उभा पुरायचा. डांबराच्या माथ्यापासून मातीत दोन-अडीच मीटरपर्यंतचं तापमान दर पंधरा मिनिटांनी मिळत राहतं.

पण तापमान शून्याखाली गेलं म्हणजे पाणी गोठलंच असं नाही. चिकणमातीतलं बारीक छिद्रांत अडकलेलं पाणी शून्याखालीही काही काळ द्रव राहतं, आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ खाली झिरपलं तर आणखीच. म्हणून दुसरं उपकरण, टीडीआर. मातीत पोलादी काड्यांचा काटा खुपसलेला असतो, त्यात विजेचा एक क्षणिक ठोका सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. हा वेळ भोवतालच्या पदार्थाच्या परावैद्युत स्थिरांकावर ठरतो. पाण्याचा तो सुमारे ८०, बर्फाचा सुमारे ३, कोरड्या मातीचा ३ ते ५. म्हणजे या उपकरणाला बर्फ मातीसारखाच दिसतो. त्याला दिसतं ते फक्त द्रव पाणी. डिसेंबरमध्ये टीडीआरचा आकडा एकदम खाली पडतो: पाणी कुठे गेलं नाही, फक्त गोठलं. आणि मार्चमध्ये तो एका-दोन दिवसांत उसळून वर येतो, बहुधा शरदात होता त्याच्याही वर, कारण हिवाळाभर खालचं पाणी केशाकर्षणाने वर ओढलं जाऊन बर्फाच्या चकत्या साचलेल्या असतात. ती उसळी म्हणजेच आपण शोधत असलेला दिवस.

तिसरी जात चाकाखाली होणारं प्रत्यक्ष मोजणाऱ्या उपकरणांची. डांबराच्या तळाला स्ट्रेन गेज, म्हणजे डांबर किती ताणलं गेलं ते मोजणारा, एच अक्षराच्या आकाराचा, बोटभर लांबीचा. मातीच्या माथ्यावर दाब मोजणारी चपटी चकती. हे पुरणं हे कौशल्याचं काम आहे. गेज खडीच्या थरावर ठेवायचा, तर दीडशे अंशांचा गरम माल अंगावर येणार, वरून पेव्हर, म्हणजे डांबर पसरणारं यंत्र, जाणार, मग रोलर कंप देत जाणार. म्हणून त्याच गाडीतला माल चाळून मोठी खडी काढायची, गेजवर हाताने पसरायचा, हलकेच दाबायचा, आणि मग पेव्हरला वाट द्यायची. तार चरातून कडेच्या कपाटापर्यंत न्यायची, चर नीट दाबायचा, नाहीतर तोच रस्त्याचा कमकुवत सांधा होतो. इतकं करूनही काही गेज पहिल्याच दिवशी मुके होतात, आणि उरलेल्यांना रोजचा ताण आणि पाणी हळूहळू संपवतं. म्हणून एका जागी एक नव्हे, रांगेने अनेक लावतात.

आणखी एक अडचण आहे, जी कागदावर सुचत नाही. ट्रक ताशी नव्वद-शंभरने गेला तर गेजवरचा त्याचा मुक्काम सेकंदाच्या अगदी लहान भागाचा, म्हणून सेकंदाला हजाराच्या घरात नोंदी घ्याव्या लागतात. शिवाय ड्रायव्हर कितीही तरबेज असला तरी चाक दर वेळी गेजवरूनच जाईल असं नाही. वीतभर बाजूने गेलं तरी आकडा निम्म्यावर येऊ शकतो. त्यामुळे चाक कुठून गेलं याची नोंद नसेल, तर स्ट्रेनचा आकडा टाकून द्यायच्या लायकीचा. मी तर म्हणेन, कुठल्याही प्रकल्पाचा अहवाल हाती आला की आधी हे बघावं: चाकाची जागा नोंदली आहे का?

एकाच ट्रकचे तीन दिवस

आता तोच ट्रक, तोच तुकडा, तोच गेज, आणि वर्षातले तीन दिवस.

जानेवारीत डांबर काचेसारखं ताठ आणि खालचं सगळं गोठलेलं. गेजवरचा ताण नगण्य, मातीवरच्या चकतीला चाक गेल्याची जेमतेम जाणीव. रस्ता खऱ्या अर्थाने दगडाचा आहे. म्हणूनच मिनेसोटात हिवाळ्यात ठरावीक भारापेक्षा १० टक्के जास्त माल नेण्याची मुभा असते, आणि उत्तरेतले लाकूडवाले आपली मोठी वाहतूक या काळात उरकतात.

मार्च-एप्रिलमध्ये गंमत अशी, की डांबर अजून बऱ्यापैकी थंड आणि ताठ असतं. त्यामुळे नुसता डांबराखालचा स्ट्रेन बघणाऱ्याला परिस्थिती फार वाईट वाटणार नाही. पण खडीच्या थरातला दम गेलेला असतो, भार सरळ खाली उतरतो. वजन आपटून खोलगटपणा मोजणारं यंत्र, फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, या काळात तिथे वारंवार फिरवलं गेलं, आणि दिसलं ते असं: बर्फ सुटायला लागल्याबरोबर खडीचा थर सर्वांत आधी आणि अगदी झपाट्याने ढासळतो. तो पुढच्या काही आठवड्यांत निचरा होऊन सावरतो. तोवर खालची माती सुटते आणि तिची पाळी येते. चिकणमाती सावरायला उन्हाळ्याचे महिने घेते.

जुलैमध्ये खडी आणि माती दोन्ही धड, पण डांबर उन्हाने मऊ. आता डांबरातला ताण वर्षातला सर्वांत मोठा.

म्हणजे ‘रस्ता कधी कमजोर असतो’ याला एक उत्तर नाही. कुठला थर, हे आधी विचारावं लागतं. एकाच उपकरणावर विसंबून राहिलेल्या प्रकल्पांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

तारा ते तारखा

राज्याचं रस्त्यांचं जाळं हजारो किलोमीटरचं. सगळीकडे थर्मोकपल आणि टीडीआर पुरणं शक्य नव्हतं आणि तसा कुणाचा इरादाही नव्हता. एमएनरोडवरच्या मंडळींनी केलं ते असं: पुरलेल्या सेन्सरांनी दाखवलेला सुटण्याचा दिवस, आणि त्याच काळातलं हवेचं तापमान, यांची वर्षानुवर्षांची सांगड घातली. हवेचं तापमान तर फुकट मिळतं, आणि पुढच्या तीन दिवसांचा अंदाजही मिळतो. मग जमिनीखालचं जमिनीवरूनच ओळखता येईल का?

पाया वॉशिंग्टन राज्यात आधी झालेल्या कामाचा होता. रोजच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, ती एका संदर्भ तापमानापेक्षा जितकी वर असेल तितके अंश जमेला धरायचे आणि बेरीज करत जायचं. मध्येच पुन्हा थंडी पडली तर त्या दिवसाचे अंश निम्म्या मोलाने वजा करायचे, कारण सुटलेलं सगळं एका रात्रीत पुन्हा गोठत नाही. ही बेरीज फॅरेनहाइटमध्ये २५ अंश-दिवसांच्या पुढे जाणार असा तीन दिवसांचा अंदाज आला आणि पुढेही ऊब टिकणार असं दिसलं, की निर्बंध. सेल्सिअसमध्ये हे जेमतेम १४ अंश-दिवस होतात.

खरी मेख आहे संदर्भ तापमानात. साधा तर्क म्हणेल, शून्य अंश सेल्सिअस, म्हणजे ३२ फॅरेनहाइट धरा. पण काळ्या डांबरावर फेब्रुवारी-मार्चचं ऊन पडतं तेव्हा हवा शून्याखाली असतानाही खालची खडी सुटायला लागते. थर्मोकपलनी हे उघड दाखवलं. आणि सूर्य जसजसा वर चढतो तसतसा हा फरक वाढत जातो. म्हणून मिनेसोटाच्या सूत्रात संदर्भ तापमान फेब्रुवारीपासून दर आठवड्याला थोडं थोडं खाली सरकतं. समजा एखाद्या आठवड्यात ते उणे ३ सेल्सिअस आहे. सलग पाच दिवस सरासरी शून्याच्या आसपास राहिली, म्हणजे माणसाच्या दृष्टीने कडाक्याचीच थंडी, तरी जमेला १५ अंश-दिवस पडले. रस्ता सुटला! ज्याने स्वेटर काढलेला नाही, त्याला हे पटवून देणं कठीण. पण टीडीआरची उसळी तेच सांगत होती.

गोठण्याच्या बाजूलाही असंच सूत्र. गोठणबिंदूखालच्या अंशांची बेरीज २८० फॅरेनहाइट अंश-दिवसांवर जाणार असं दिसलं, की हिवाळी जादा भार सुरू.

या साऱ्यावरचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली: जुन्या पद्धतीने निर्बंध बऱ्याचदा उशिरा लागत होते, आणि नेमके सुरुवातीचे दिवस सर्वांत महागडे, कारण खडीचा थर तेव्हाच सर्वांत दुबळा असतो. दुसरी: निर्बंध उठवण्याची तारीख हवामानाकडे बघत बसून ठरवण्यापेक्षा ठरावीक मुदत बरी. आज राज्यात ही मुदत जास्तीत जास्त आठ आठवड्यांची आहे, राज्य विभागांत वाटलेलं आहे आणि प्रत्येक विभागाला किमान तीन दिवस आधी सूचना मिळते.

आठ आठवडे ही तडजोड आहे, आणि ती तशी म्हणूनच केली गेली. चिकणमाती पूर्ण सावरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर उन्हाळा निघून जाईल. खडीचा थर सावरला की बराचसा धोका टळतो. मातीचा उरलेला अशक्तपणा रस्त्याने सोसायचा. तीन दिवसांची सूचना मात्र मला तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. ट्रक भरून निघालेल्या माणसाला वाटेत फलक दिसला तर तो काय करणार? अंदाजावर चालणाऱ्या सूत्रामुळे त्याला आधी सांगणं शक्य झालं. भेगांतलं पाणी बघून लावलेल्या फलकाला ते कधीच जमलं नसतं.

जे तारांना दिसलं नाही

सेन्सर कुठे पुरायचे हे आपण आधीच ठरवतो, आणि त्यात आपलं गृहीतक दडलेलं असतं. डांबराला भेग तळातून पडते आणि वर येते, हे पुस्तकी ज्ञान; म्हणून गेज तळाला. पण महामार्गाच्या जाड डांबरी तुकड्यांवर चाकाच्या वाटेत लांबलचक भेगा दिसू लागल्या तेव्हा कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेला नळकांडीसारखा नमुना, काढून पाहिलं, तर त्या वरून खाली गेलेल्या होत्या. तळ शाबूत. तळातल्या गेजांनी त्यांची चाहूल दिली नव्हती, देणं शक्यच नव्हतं. वरून सुरू होणाऱ्या भेगांचा विषय रस्त्यांच्या अभ्यासात पुढे आला, त्यात या तुकड्यांचा वाटा आहे.

म्हणून तिथे कोअर काढणं, आडवा चर खणून थर उघडे करणं, चाकोरी कुठल्या थरात पडली ते पट्टीने मोजणं, हे सगळं सेन्सरांच्या जोडीला चालूच राहिलं.

टँकरांची गोष्ट

२००८ ते २०१० या काळात एमएनरोडच्या आवारात वेगळीच पाहुणी वाहनं आली: शेणखताच्या स्लरीचे अवजड टँकर. मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत गोठ्यांतली स्लरी शेतात नेणारी ही वाहनं गावच्या रस्त्यांवरून जातात, आणि शेतीची अवजारं म्हणून त्यांना भाराच्या नियमांत सूट मिळत आली होती. ती वापरली जातात वसंतात आणि शरदात. म्हणजे एका वेळी रस्ता सर्वांत ओला, दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी धड.

या कामासाठी दोन तुकडे मुद्दाम बांधले. एक पातळ, साडेतीन इंच डांबराचा. दुसरा साडेपाच इंचाचा. दोन्हींत गेज आणि दाबचकत्या. टँकर रिकामे, अर्धवट भरलेले, पूर्ण भरलेले असे चालवले, आणि तुलनेला तोच ३६ टनी ट्रक. चाक कुठून गेलं ते टिपायला रस्त्यावर आडवी मोजपट्टी आणि तिच्यावर रोखलेला कॅमेरा! इतका साधा उपाय, पण त्याच्याशिवाय सगळे आकडे हवेत गेले असते.

टँकरांचे टायर रुंद आणि मऊ असतात, त्यामुळे रस्त्याला त्रास कमी, असा समज होता. वरच्या कातडीपुरता तो खोटा नाही. पण खोल मातीला टायरची रुंदी कळत नाही, तिला कळतो एकूण भार. मातीच्या माथ्यावरचा दाब भरलेल्या टँकरांखाली ट्रकपेक्षा जास्त निघाला. पातळ तुकड्याने जास्त सोसलं, रस्त्याच्या कडेने चालवल्यावर त्रास वाढला आणि डांबर तापल्यावर त्यातला ताणही. उलट, बाजूपट्टी पक्की असली आणि चाक कडेपासून आत राहिलं की फरक पडतो, हेही दिसलं.

हे वाचताना मला ऊसपट्ट्यातला रस्ताच दिसत होता.

आपल्याकडे यातलं काय लागू पडतं

आपल्याकडे रस्ता गोठत नाही. पण भिजतो. आणि काळी माती भिजली की तिची अवस्था मिनेसोटाच्या एप्रिलमधल्या चिकणमातीहून वेगळी नसते. आपल्या संहितांना हे ठाऊक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या संहितेनुसार मातीचा सीबीआर, म्हणजे तिची भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा, ती चार दिवस पाण्यात भिजवून काढतात. आयआरसी ८१ सांगते की बेंकलमन बीमची, म्हणजे भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणाऱ्या लांब दांडीची, मोजणी पावसाळ्यात किंवा तो संपल्यासंपल्या करा, नाहीतर ओलाव्याची दुरुस्ती लावा.

बेंकलमन बीम ज्यांनी वापरला आहे त्यांना आठवेल: मागच्या आसावर ८,१७० किलो भरलेला ट्रक, जोडचाकांच्या फटीत बीमचं टोक, ट्रक हळूच पुढे आणि डायलवरचा काटा. डांबरात भोक पाडून त्यात ग्लिसरॉल ओतून तापमान घ्यायचं. उन्हात दिवसभर हे करताना प्रत्येक नोंद किती कष्टाची आहे ते कळतं. पण ती नोंद एका दिवसाची. पुढच्या आठवड्यात पाऊस पडला की तो रस्ता वेगळा.

दुसरीकडे, महाराष्ट्रात महामार्गाचा आराखडा करणारा प्रत्येक अभियंता आयआयटीपेव्ह या आज्ञावलीतून दोन आकडे काढतोच: डांबराच्या तळाचा आडवा स्ट्रेन आणि मातीच्या माथ्याचा उभा स्ट्रेन. एमएनरोडवर गेज आणि चकत्या पुरल्या त्या याच दोन जागी. आयआरसी ३७ च्या सूत्रांत पहिल्याचा घातांक ३.८९ आणि दुसऱ्याचा ४.५३३७ आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. डांबरातला स्ट्रेन दहा टक्क्यांनी वाढला, तर भेगांच्या बाजूने आयुष्य जवळपास एकतृतीयांशाने घटतं. दुप्पट झाला तर पंधराव्या हिश्शावर येतं. मातीवरचा स्ट्रेन दुप्पट झाला तर चाकोरीच्या बाजूने आयुष्य तेविसाव्या हिश्शावर. इतक्या नाजूक आकड्यावर आपण वीस-वीस वर्षांचे रस्ते उभे करतो, आणि तो प्रत्यक्षात किती आहे हे मोजायला सहसा कुणी जात नाही. आराखड्यासाठी डांबराचं तापमान ३५ अंश धरलं जातं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते किती असतं, हे रस्त्यावर अनवाणी पाऊल टाकलेल्या कुणालाही सांगता येईल.

आता कॅलेंडर समोर ठेवा. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. परतीचा पाऊस नुकताच गेलेला असतो; डांबर कोरडं दिसतं, पण खालची काळी माती वर्षातल्या सर्वांत ओल्या अवस्थेच्या जवळपास असते, आणि चिकणमाती सावरायला महिने घेते. नेमक्या तेव्हा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पातळ डांबराच्या ग्रामीण रस्त्यांवर उतरतात, समोरून गाडी आली की एक चाक साईडपट्टीवर. टँकरांच्या प्रयोगातल्या तिन्ही वाईट गोष्टी एकत्र: ओली माती, पातळ थर, कडेचं चाक.

कारखाने उशिरा सुरू करा असं मी म्हणत नाही. ऊस शेतात उभा असतो आणि शेतकऱ्याचे दिवस मोजलेले असतात. माझं म्हणणं एवढंच, की पाऊस थांबल्यापासून काळी माती किती दिवसांत किती सावरते, हा आकडा आपल्याकडे तालुकावार असायला हवा. त्यासाठी साडेचार हजार सेन्सर नकोत. गोठण-सुटणीचा प्रश्न नसल्याने उपकरणांची अर्धी यादी गळून पडते. एका जिल्ह्यात चार-पाच जागा, प्रत्येक जागी मुरमाच्या थरात एक आणि काळ्या मातीत दोन खोलींवर एकेक ओलावा-सेन्सर, मातीच्या माथ्यावर दोन दाबचकत्या, शेजारी पर्जन्यमापक. महिन्यातून एकदा तोच माहीत असलेल्या वजनाचा ट्रक त्यावरून न्यायचा, रस्त्यावर मोजपट्टी आखून. तीन पावसाळे. मग पावसाच्या नोंदींवरून मातीचा दम ओळखण्याचं सूत्र बसतं का ते बघायचं, जसं तिकडे हवेच्या तापमानावरून बसलं. बसलं, तर पहिल्या पंधरवड्यात कुठल्या रस्त्यावरून दोन ट्रॉल्या जाव्यात आणि कुठल्यावरून एकच, एवढं तरी कारखान्याच्या शेतकी खात्याला ऊसतोडीचा कार्यक्रम लावताना आधी सांगता येईल.

पहिली चकती कुठे पुरायची तेही आयआरसी ८१ मध्ये जवळपास लिहिलेलंच आहे. अरुंद रस्त्यावर बीमचा बिंदू डांबराच्या कडेपासून ६० सेंटिमीटरवर घ्या, असं ती सांगते. ट्रॉलीचं बाहेरचं चाक तिथूनच जातं, आणि पावसाचं पाणी साईडपट्टीतून आत शिरतं तेही तिथेच.